मकर म्हणजे मगर का?

प्रश्न असा आहे : ‘गंगेचं वाहन मकर, आणि मकर म्हणजे मगर, असं ऐकत आलो. पण देवळातल्या मकराला सोंड असते, शेपटीच्या जागी पिसाऱ्यासारखी नक्षी असते. मग हा प्राणी खरा की कल्पनेतला? पुराणातले बाकीचे विचित्र प्राणीही कुठल्या तरी खऱ्या जनावरावरूनच आले असतील का?’

‘मगर’ हा ‘मकर’चाच प्राकृतातून आलेला अवतार, एवढं नक्की. दोन स्वरांमधल्या ‘क’चा ‘ग’ होणं ही ओळखीची वाट आहे. ‘बक’चा बगळा झाला तो तिथूनच. येता येता लिंग मात्र बदललं. तो मकर, ती मगर. (सुसरही तीच. इतका मोठा जबडा असून दोघी स्त्रीलिंगी का, हे मला अजून कोडं आहे.)

पण शब्द एका घरातले म्हणून अर्थही एकच, असं होत नाही. संस्कृतात मगरीला नक्र, कुंभीर असे वेगळे शब्द आहेत. आपले नक्राश्रू त्यातल्या पहिल्याचे. अमरकोशात मकर येतो तो शिशुमार (त्याच्याकडे पुढे येऊ) आणि उद्र, म्हणजे पाणमांजर, यांच्या पंक्तीत. नक्र-कुंभीर ही जोडी तिथे निराळी दिली आहे. गीतेत ‘झषाणां मकरश्चास्मि’ म्हटलंय, आणि झष म्हणजे मासा. चरकसंहितेत पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची यादी आहे, तिच्या एकाच ओळीत कुंभीरही आहे आणि मकरही. सुश्रुत तर मकराला सरळ समुद्रातल्या माशांमध्ये बसवतो. ज्याच्या मांसाचे गुण वैद्य सांगतो, तो प्राणी कुणाच्या तरी पानात पडलेला असणार, असं म्हणावंसं वाटतं. पण जरा दमानं घ्यावं, कारण त्याच याद्यांमध्ये तिमिंगिलही आहे. तिमि म्हणजे अजस्र मासा, बहुधा देवमासा. त्याला गिळणारा तो तिमिंगिल. कोशात पुढे तिमिंगिलालाही गिळणारा तिमिंगिलगिल सापडतो! खलाशांच्या गप्पा एकेक ‘गिल’ जोडत कशा फुगत गेल्या असतील, ते या एका शब्दात दिसतं.

माझं मत असं, की ‘मकर’ हे पाण्यातल्या मोठ्या, घातकी जनावराचं ढोबळ नाव होतं. नदीकाठच्या माणसाला त्यात मगर दिसली, समुद्रावरच्याला एखादी मोठी मुशी, म्हणजे शार्क. नाव ढोबळ असल्यामुळे शिल्पकाराला मोकळं रान मिळालं. बिहारमधल्या बराबर टेकड्यांतल्या लोमश ऋषी लेण्याच्या कमानीवर, इ.स.पू. ३ऱ्या शतकात, हत्तींच्या रांगेच्या दोन्ही टोकांना मकर कोरलेले आहेत. जुने मकर जबड्याने मगरीच्या जवळचे असतात. ती वर वळलेली सोंड पुढे ठळक होत गेली.

राशीच्या मकराने गोंधळात आणखी भर घातली. ती राशी मुळात बाबिलोनची, अर्धा बोकड आणि अर्धा मासा. ग्रीकांकडून ती आपल्याकडे आली, तेव्हा त्यांच्या ‘ऐगोकेरोस’चं ‘आकोकेर’ झालं; ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या बृहज्जातक या ग्रंथात हा शब्द दिला आहे. सोबत देशी नाव दिलं मकर. पण बोकडाचं तोंड लपवायचं कुठे? म्हणून तोच लिहितो, ‘मकरो मृगास्यः’, हरणाच्या तोंडाचा मकर. इथे प्राणी बाहेरचा आहे आणि घरचं नाव त्याला बेतून बसवलंय.

शिशुमाराची गत याहून मजेची. गंगेतल्या डॉल्फिनला हिंदीत सूंस म्हणतात, तो शब्द शिशुमाराचा. मराठीतली सुसरही त्याचीच, पालीतला सुंसुमारही. पण या दोन्ही मगरीच्या जातीच्या. आणि भागवताच्या पाचव्या स्कंधात हाच शिशुमार आकाशात जाऊन सारं तारामंडळ अंगावर घेतो, शेपटीच्या टोकाला ध्रुव. एका नावाने एवढा प्रवास केलेला मी दुसरा पाहिला नाही.

खरी गंमत शरभाची आहे. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्तींना पंजात धरलेला, सिंहासारखा पशू असतो, त्याला आपण शरभ म्हणतो. पुराणातला शरभ आठ पायांचा, नरसिंहालाही आवरणारा. आता अमरकोश उघडा : ‘गन्धर्वः शरभो रामः सृमरो गवयः शशः’. गवा आणि ससा यांच्या ओळीत शरभ, ना आठ पायांचा उल्लेख ना सिंहाचा. मेघदूतातले शरभ हिमालयात मेघावर त्वेषाने उड्या घेतात आणि स्वतःचंच अंग मोडून घेतात. हे वर्णन वाचून मला तरी कड्यांवरून झेपावणारा रानबोकडच दिसतो. पण महाभारताच्या शांतिपर्वात ऋषी आपल्या कुत्र्याला बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह असं वाढवत नेतो, तेव्हा सिंहाच्याही वर शरभच आहे, आठ पायांचा. जो प्राणी मैदानातल्या माणसाने कधी पाहिलाच नाही, त्याचं नाव तेवढं खाली उतरलं आणि त्या रिकाम्या नावाला पाय फुटले, असा माझा तर्क आहे.

उलट्या दिशेनेही असंच घडतं. इ.स.पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसिअस भारतात न येताच लिहून गेला, की तिथे एका शिंगाचं रानगाढव असतं. आपला गेंडा सांगोवांगी त्याच्या कानावर गेला असावा. युरोपच्या एकशिंग्या घोड्याला त्या गाढवाचा बराच आधार आहे. पुढे १७५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने गेंड्याला शास्त्रीय नाव दिलं ‘ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस’; युनिकॉर्निस म्हणजे एकशिंगी, म्हणजे नाव फिरून मूळ मालकाकडे आलं.

मात्र प्रत्येक प्राण्यामागे खरं जनावर शोधत बसू नये. ‘व्याल’ घ्या. संस्कृतात याचा अर्थ दुष्ट, हिंस्र; मग त्यावरून पिसाळलेला हत्ती, श्वापद, साप, काहीही. शब्द मुळात स्वभावाचा आहे, प्राण्याचा नाहीच. म्हणून देवळाच्या भिंतीवर गजव्याल, सिंहव्याल, नरव्याल असं हवं ते मुंडकं त्याला बसतं. त्याचा पूर्वज प्राणिसंग्रहालयात सापडायचा नाही.

तेव्हा तुमच्या मूळ शंकेपुरतं : मूर्तीचं वर्णन लिहिताना ‘मकरावर उभी गंगा’ लिहा, ‘मगरीवर’ नको. मगरीला सोंड नसते. आणि मगरीविषयी लिहिताना, भाषा कितीही भारदस्त करायची असली, तरी तिला मकर म्हणू नका; संस्कृतच हवं असेल तर नक्र आहे की.