दोन लहान मुलांना घेऊन फिरण्यासाठी सुरक्षित गाडी कशी निवडावी?

तुमची मुलगी आठ महिन्यांची, मुलगा चार वर्षांचा, अधूनमधून आजी-आजोबाही सोबत असतात. आणि प्रश्न असा की सहा एअरबॅगवाली मोठी एसयूव्ही घ्यावी की पाच स्टार मिळालेली लहान गाडी. मी अपघातात सापडलेल्या गाड्यांचं बॉडीकाम करतो आणि मलाही लहान मुलं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही मुलांच्या चाइल्ड सीट ठरवा. शक्य असेल तर त्या सोबत घेऊनच शोरूममध्ये जा आणि मागच्या सीटवर लावून बघा. ज्या गाडीत त्या घट्ट आणि कुठलीही ओढाताण न करता बसतील, तीच तुमची गाडी. बाकीची तुलना त्यानंतर.

एवढा आग्रह का? ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एखाद्या भिंतीला धडकली, तर तो आघात साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. त्या क्षणी दहा किलोचं बाळ हातात धरून ठेवायला शेकडो किलोचा जोर लागेल. कुठल्याच आईबापाच्या हातात तो नसतो. त्यात आठ महिन्यांच्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि मान कोवळी. पुढे तोंड करून बसवलं तर धड पट्ट्यांनी अडतं आणि डोक्याचा सगळा भार मानेवर येतो. मागे तोंड करून बसवलं तर डोकं, मान आणि पाठ यांना सीटची पाठ एकदम आधार देते. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी 1964 साली अशा सीटचा नमुना बनवला, तेव्हापासून हे तत्त्व बदललेलं नाही. आर129 या चाइल्ड सीटच्या नव्या युरोपीय मानकाप्रमाणे 15 महिने पूर्ण होण्याआधी बाळाला पुढे तोंड करून बसवता येत नाही. माझं मत विचाराल तर सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत बसतंय तोवर मागेच तोंड असू द्या, अगदी चार वर्षांपर्यंतही.

आता सहा एअरबॅगचं बघू. सहसा त्यातल्या दोन पुढच्या दोघांच्या समोर असतात, दोन त्यांच्याच सीटच्या बाजूला, आणि उरलेल्या दोन छताच्या कडेने खाली येणाऱ्या कर्टन एअरबॅग. मागे बसलेल्या मुलांच्या वाट्याला येतात त्या या शेवटच्या दोन. बाजूने धडक बसली तर त्या डोकं वाचवतात, म्हणून हव्यातच. पण 'सहा' हा आकडा ऐकून मागची सीट सुरक्षित झाली असं धरून चालू नका.

स्टारचंही तसंच. गाड्या मुद्दाम धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणारे ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप हे कार्यक्रम मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे स्टार देतात. जाहिरातीत जो आकडा ठळक दिसतो तो बरेचदा मोठ्यांचा असतो. मूळ अहवाल उघडून मुलांचे गुण वाचा. त्यांच्या सध्याच्या पद्धतीत मुलांसाठी एकूण 49 गुण आहेत. त्यातले 24 प्रत्यक्ष धडकेच्या चाचणीतल्या दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या डमींवरून (पुतळ्यांवरून) मिळतात, 12 वेगवेगळ्या चाइल्ड सीट गाडीत किती नीट बसतात यावर, आणि 13 गाडीतल्या सोयींवर. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण ज्यावर ठरतात, ते तुम्ही शोरूममध्ये स्वतःच्या हाताने तपासू शकता. अहवालात आणखी दोन गोष्टी बघा: चाचणीचं साल आणि बॉडीचा सांगाडा स्थिर राहिला की नाही. जुने स्टार आजच्या स्टारशी ताडून बघण्यात अर्थ नाही, कारण निकष कडक होत गेलेत. युरोपातलं युरो एनकॅप तर सहा वर्षांनंतर आपलं रेटिंग कालबाह्य धरतं. आणि चाचणी झालेली गाडी कुठल्या व्हेरिअंटची होती, त्यात कुठल्या एअरबॅग होत्या, हेही जुळवून बघा.

दार आपटून 'पत्रा किती जाड आहे' बघणारे लोक मला रोज भेटतात. दाराचा तो दमदार आवाज रबराच्या सील आणि आतल्या पॅडमुळेही येतो. बॉनेट चेपलं म्हणजे गाडी कच्ची, हाही गैरसमजच. पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो, तो धडकेची ताकद खातो. चेपायचा नसतो तो माणसं बसतात तो पिंजरा. आमच्याकडे आलेल्या गाडीचं नाक पार आत गेलेलं असेल, पण चारही दारं सहज उघडत असतील आणि पुढच्या काचेच्या कडेचे पिलर सरळ असतील, तर त्या गाडीने आपलं काम चोख केलं असं मी म्हणतो.

शोरूममध्ये घाई करू नका, विक्रेत्याला बाजूला थांबायला सांगा. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाला. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या, दोन कड्या बोटांना सहज लागतात का? काही गाड्यांत त्या फोममध्ये इतक्या खोल असतात की सीटचे चिमटे अडकवताना बोटं सोलवटतात, आणि जी सीट लावणं जिकिरीचं असतं ती पुढे चुकीची लावली जाते. दोन्ही बाजूंना क्लिक ऐकू आलं पाहिजे, खूण हिरवी दिसली पाहिजे. मग सीट पायथ्याशी धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त सरकायला नको. टॉप टेदरचा, म्हणजे चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायचा, हूक कुठे आहे ते शोधा, डिकीतला सामान बांधायचा हूक म्हणजे तो नव्हे. चाइल्ड सीटला सपोर्ट लेग, म्हणजे फ्लोअरवर टेकणारा पाय, असेल तर तो जिथे टेकतो तिथे फ्लोअरखाली पोकळ कप्पा नाही ना, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

मागे तोंड असलेली सीट लावल्यावर तिच्या पुढच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर हीच गाडी लांबच्या प्रवासात त्रास देईल आणि कुणीतरी बाळाला मांडीवर घ्यायचं ठरवेल.

आजी-आजोबांचा प्रश्न यातच आहे. दोन चाइल्ड सीटच्या मध्ये मोठं माणूस बसणं बहुतेक गाड्यांत अवघडच. तिथे कमरेचा नुसता पट्टा असेल तर ती जागा कुणासाठीच वापरू नका, तीन बिंदूंचा बेल्टच हवा. नेहमीच सहा जण असाल तर तीन रांगांची गाडी लागेल, पण मुलांना शेवटच्या रांगेत ढकलू नका. तिथे डोक्यापासून मागच्या काचेपर्यंत अंतर फार कमी असतं, आयसोफिक्स बरेचदा नसतं, आणि कर्टन एअरबॅग तिथवर पोहोचते का हे वेगळं तपासावं लागतं. मुलं मधल्या रांगेत आणि मागे जाणं-येणं जमेल अशी सीटची रचना, एवढं बघा.

बाळाची मागे तोंड असलेली सीट पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना कधीही लावू नका. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती एअरबॅग फुगते आणि सीटची पाठ बाळाच्या डोक्यासकट मागे फेकते. नाइलाजाने पुढे बसवायची वेळ येणार असेल, तर एअरबॅग बंद करायचं बटण किंवा किल्लीचं भोक गाडीत आहे का, ते आधीच विचारा.

चार वर्षांच्या मुलासाठी हार्नेसवाली (स्वतःचे पट्टे असलेली) सीट, आणि तिची मर्यादा संपली की पाठ असलेला बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. गाडीचा बेल्ट खांद्याच्या मधून आणि मांड्यांच्या वरच्या हाडांवरून गेला पाहिजे, मानेवरून किंवा पोटावरून नाही. साधारण 135 ते 150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतो, तेव्हा ही अजून बरीच वर्षांची सोबत आहे.

बाकी यादीत ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) ही यंत्रणा हवीच, त्यावर तडजोड नको. गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून गाडीला सावरते. मागचा कॅमेरा उंच गाडीत तर अत्यावश्यक, कारण लहान मूल मागच्या काचेतून दिसतच नाही. मागच्या बेल्टचं रिमाइंडर, काच वर जाताना काही अडकलं तर थांबण्याची सोय आणि चाइल्ड लॉक, हे टेस्ट ड्राइव्हच्या वेळी प्रत्यक्ष चालवून बघा. आणि एक गोष्ट कुठल्याही गाडीला लागू आहे: बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, मुलांना दोन मिनिटंही आत सोडू नका.

जुनी गाडी बघत असाल तर प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पट्टा मध्येच चुरगळलेला, तंतू निघालेला किंवा घासून चकाकलेला असेल, तर जोरदार धडकेचा ताण त्याने सोसलेला असू शकतो. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तिथूनच परत फिरा. वापरलेली चाइल्ड सीट मात्र तिचा पूर्ण इतिहास ठाऊक असल्याशिवाय घेऊ नका.

तुमच्या दोन पर्यायांपैकी दोन्हींत सीट नीट बसल्या, तर मुलांच्या अहवालात जास्त गुण असलेली घ्या, मग ती लहान का असेना. लहान गाडीत दुसरी सीट जबरदस्तीने दाबून बसवावी लागली, तर एसयूव्ही घ्या. पण तिची नुकतीच चाचणी झालेली असेल आणि सांगाडा स्थिर असल्याचा शेरा असेल तरच.