वेदनेचे छायाचित्र काढता येते का?

प्रश्न : माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती. फोड केव्हाच सुकले, पण त्या जागी साडीचा पदर घासला तरी तिची आग होते. अशा दुखण्यावरील संशोधनात उंदराच्या मेंदूतील घडामोडी प्रकाशाच्या साहाय्याने टिपतात, असे वाचले. दुखणे कॅमेऱ्याला दिसते कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पदराच्या स्पर्शानेही आग होणे हे चेतातंतूंना इजा झाल्यानंतर मागे राहणाऱ्या वेदनेचे ठळक लक्षण आहे. कातडी भरून येते, परंतु संदेश वाहणारी यंत्रणा बिघडलेलीच राहते. प्रयोगशाळेत हा बिघाड उंदरात मुद्दाम घडवतात. बेनेट आणि शिए यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मांडीतील सायटिक नसेभोवती धाग्याच्या चार सैल गाठी बांधल्या जातात. पुढे नस सुजते, गाठी आवळल्यासारख्या होतात आणि काही दिवसांत तो पंजा हलक्या स्पर्शानेही मागे घेतला जाऊ लागतो. मात्र पंजा मागे घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूच्या पातळीवरही होऊ शकते, त्यामुळे केवळ पंजाकडे पाहून मेंदूत काय चालले आहे ते कळत नाही. कॅमेऱ्याची गरज इथे लागते.

त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत कोणताही रंग वापरत नाहीत. मेंदूचा जो भाग काम करू लागतो तिथला रक्तपुरवठा आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, त्यामुळे त्या भागावरून परावर्तित होणारा प्रकाश अगदी किंचित, साधारण हजारात एक भाग इतका, कमीजास्त होतो. हा बदल दिसायला एक-दोन सेकंद लागतात. दुसऱ्या पद्धतीत मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतदाबाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य मुरवतात. ते चेतापेशींच्या आवरणात जाऊन बसते आणि पेशीचा विद्युतदाब बदलला की त्याची चमक बदलते. ही पद्धत मिलिसेकंदांचा हिशेब देते, म्हणून पंजाला उद्दीपन दिल्यावर खळबळ कुठे सुरू झाली आणि कोणत्या दिशेला पसरली, हेही पाहता येते. यातील काही रंगद्रव्ये तांबड्या प्रकाशाने उजळतील अशी बनवली आहेत, कारण हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि रक्ताची लुडबुड टळते. तरीही हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मेंदू हलतो. म्हणून नोंदणी ठोक्यांशी जुळवून घेतात आणि अनेक वेळा उद्दीपन देऊन सरासरी काढतात.

उंदीर इथे सोयीचा ठरतो, याला मेंदूच्या रचनेतलेही एक कारण आहे. वेदना आणि शरीराच्या आतल्या जाणिवा यांच्याशी संबंधित असलेला ‘इन्सुला’ हा भाग माणसात खोल घडीच्या तळाशी लपलेला असतो, तर उंदराच्या गुळगुळीत मेंदूत तो बाजूच्या पृष्ठभागावर उघडाच असतो. नसेला इजा झालेल्या उंदरांच्या इन्सुलात तेवढ्याच उद्दीपनाने अधिक तीव्र आणि अधिक विस्तृत प्रतिसाद दिसल्याच्या नोंदी आहेत. कॅमेऱ्याला दिसते ते एवढेच. दुखणे त्याला दिसत नाही, पेशींची खळबळ किंवा तिच्यामागून येणारे रक्त दिसते. शिवाय मेंदूच्या वरच्या थरांपलीकडे त्याची नजर पोहोचत नाही.

यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागत असल्यामुळे आईच्या तपासणीत ही पद्धत येणार नाही. नागिणीनंतरच्या वेदनेवर गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधे दिली जातात. वयस्क व्यक्तीला त्यांनी गुंगी येऊन तोल जाऊ शकतो, तेव्हा मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

प्रश्न : उंदीर भूल देऊन झोपवलेला असेल, तर त्याला दुखते असे कसे म्हणता येईल? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव आहे, आणि गाढ भुलीत अनुभव गृहीत धरता येत नाही. काटेकोर संशोधक म्हणूनच ‘वेदना’ न म्हणता ‘इजेच्या संकेताला मेंदूने दिलेला प्रतिसाद’ असे लिहितात. भुलीने हा प्रतिसादही दबतो. म्हणून तुलनेसाठी उंदरांचा आणखी एक गट ठेवतात, ज्यांना तेवढीच भूल दिलेली असते आणि ज्यांची मांडी उघडून नस मोकळी केलेली असते, पण नसेला इजा न करता टाके घातलेले असतात.