अमेरिकेतले लिबर्टेरियन म्हणजे रिपब्लिकनच ना?

नाही. कर कमी करा, सरकारी खर्च आवरा, इथपर्यंत दोघांचं जमतं. पण सरकारने जसा खिशात हात घालू नये तसं घरातही डोकावू नये, असं लिबर्टेरियन म्हणतात. म्हणून गांजाबंदी, फोनवरची पाळत, परदेशातली युद्धं, सगळ्यालाच विरोध. टेक्सासचे रॉन पॉल बघा. १९८८ मध्ये ते लिबर्टेरियन पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे होते. पुढे रिपब्लिकन खासदार असतानाही त्यांनी २००१ मध्ये सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणाऱ्या पॅट्रियट कायद्याविरुद्ध आणि २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. माझ्या मते खरा फरक इथेच दिसतो. गर्भपातावर मात्र लिबर्टेरियनांचं आपसातही जमत नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाची मतांतली सर्वोत्तम कामगिरी २०१६ ची: अध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन, जेमतेम ३.३ टक्के.