अहवालात ९७.६ टक्के दबाई, तरी रस्ता का खचला?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील रस्त्याच्या रुंदीकरणात टाकलेल्या मुरमाची दबाई ९७.६ टक्के भरल्याचा अहवाल आहे, आणि निविदेत जड प्रॉक्टर चाचणीत (प्रयोगशाळेत ठरावीक ठोके देऊन मातीची कमाल घनता काढण्याची चाचणी) मिळालेल्या कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांची अट होती. तरीही दुसऱ्या पावसाळ्यात नव्या भागात चाकोऱ्या पडल्या. खड्ड्याचे घनफळ २००० घन सेंमी, त्यातील ओल्या मुरमाचे वजन ४०८० ग्रॅम, कार्बाइडच्या उपकरणावर ओलावा १० टक्के आणि प्रयोगशाळेतील कमाल शुष्क घनता (पाणी वगळून मातीची घनता) १.९० ग्रॅम प्रति घन सेंमी अशा नोंदी आहेत. अहवाल खोटा समजावा काय?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : खोटेपणाचा संशय घेण्याआधी आपण पाठवलेले गणित पुन्हा मांडून पाहू. ओली घनता २.०४ आली, तिला १.१० ने भागले की शुष्क घनता १.८५५ येते आणि ती १.९० च्या ९७.६ टक्के भरते. मात्र कार्बाइडच्या उपकरणात मातीतील पाण्याशी संयोग होऊन जो वायू तयार होतो, त्याच्या दाबावरून काटा ओल्या मातीच्या वजनाशी असलेले पाण्याचे प्रमाण दाखवतो. दबाईच्या हिशेबाला कोरड्या मातीच्या वजनाशी असलेले प्रमाण लागते. म्हणजे ९० ग्रॅम कोरड्या मातीत १० ग्रॅम पाणी, अर्थात ११.१ टक्के. काट्यावरचा आकडाच हिशेबात घेतला असेल, तर खरी शुष्क घनता १.८३६ आणि खरी दबाई ९६.६ टक्के ठरते. थर अटीत बसत नाही. ही चूक साइटवर सर्रास होते.

माझ्या मते याहून मोठी शंका त्या १.९० बद्दल घ्यावी. जड चाचणीत ४.९ किलोची धुम्मस ४५० मिमीवरून पाच थरांवर प्रत्येकी २५ वेळा पडते, तर हलक्या चाचणीत २.६ किलोची धुम्मस ३१० मिमीवरून तीनच थरांवर तेवढेच ठोके देते. मातीला मिळणाऱ्या ऊर्जेत सुमारे साडेचार पटींचा फरक पडतो, त्यामुळे हलक्या चाचणीची कमाल घनता कमी येते आणि तिच्याशी तुलना केली की टक्केवारी आपोआप फुगते. शिवाय मुरमाची खाण मध्येच बदलली आणि नव्या मुरमाची चाचणी झालीच नाही, असेही घडते. त्या मुरमाची खरी कमाल घनता २.०० असेल, तर आपला थर ९२ टक्क्यांच्याही खाली जातो.

ओलाव्याचे म्हणाल, तर टँकरचे पाणी वाचवण्यासाठी मुरूम कोरडाच दाबला की तो उन्हाळ्यात टणक लागतो, पण कणांमधल्या पोकळ्या तशाच राहतात आणि कडेने पाणी मुरले की थर बसतो. रुंदीकरणात जुना भराव पायऱ्यांनी कापून नवा त्यात गुंतवला नसेल, तर सांध्यावर हे आधी दिसते. खाली काळी माती असल्यास कारण आणखी निराळे असू शकते.

संबंधित कार्यालयाकडे कमाल घनतेच्या चाचणीची तारीख, तिची पद्धत, नमुना घेतलेली खाण आणि भट्टीत वाळवून काढलेल्या ओलाव्याची नोंद लेखी मागावी. चाकोरीजवळ खड्डा घेऊन वाळूच्या पद्धतीने (खड्डा वाळूने भरून त्याचे घनफळ काढून) घनता पुन्हा मोजताना त्याच खड्ड्यातला मुरूम जड प्रॉक्टर चाचणीसाठी पाठवावा.