बेदाण्याच्या बेल्टला कुठला ब्रश लावू?

प्रश्न : तासगावात आमचं बेदाणा वॉशिंग-ग्रेडिंगचं छोटं युनिट आहे. माल वाहून नेणाऱ्या पांढऱ्या पीव्हीसी बेल्टवर साखरेचा चिकट थर बसतो. नायलॉनचा ब्रश लावला तर महिन्यात केस वाकले, कुणी म्हणतं तारेचा लावा. काय करू?

उत्तर : दादा, तारेचा अजिबात नको! बेल्टचा वरचा थर खरवडला जाईल आणि एखादी तार तुटून बेदाण्यात गेली तर खाणाऱ्याच्या घशात जाईल हो. तुमचे केस वाकले त्याची मला दोन कारणं दिसतात, एक म्हणजे साधं नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की मऊ पडतं, म्हणून ओल्या कामाला पीबीटी किंवा पॉलिप्रॉपिलीन या फारसं पाणी न पिणाऱ्या प्लॅस्टिकचे फूड ग्रेड केस मागा, आणि दुसरं म्हणजे ब्रश बेल्टवर जास्त दाबला असणार. केसांचं फक्त टोक टेकलं पाहिजे, २-३ मिमी बास, कारण झाडतं ते टोकच, दाबलं की केस आडवे होतात आणि नुसते घासत राहतात. रंग निळा घ्या, तुटलेला केस सोनेरी बेदाण्यात लगेच दिसतो.

ब्रश गोल, स्वतःच्या मोटरवर, बेल्टच्या उलट दिशेनं फिरणारा हवा, आणि माल पडतो तिथल्या पुलीच्या खाली, बेल्ट रिकामा होऊन मागे परततो त्या बाजूला. त्याच्या आधी प्लॅस्टिकची पट्टी लावून जाड चिकटा काढा, नाहीतर ब्रशच भरतो. आणि रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं ब्रश धुवाच, साखर वाळली की केस काडीसारखे कडक होतात.