पार्किंगच्या खांबाला घासलेलं दार घरच्या घरी नीट होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चंदेरी हॅचबॅकचं मागचं डावं दार सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासलं. दारावर पिवळे-काळे पट्टे उमटलेत, दोन ठिकाणी आतलं काहीतरी दिसतंय, आणि गॅरेजवाले म्हणतात की अख्खं दार रंगवावं लागेल. हे घरी करता येईल का?

बरंचसं करता येईल. आणि जेवढं येईल तेवढं घरीच करा असा माझा आग्रह आहे. पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीचा मूळ रंग वाचतो. कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. ना सीट, ना वायरिंग, ना रबर. त्यामुळे रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. गॅरेजच्या भट्टीत तयार गाडी जाते, तिथे साधारण ६० अंशांच्या पुढे जाता येत नाही. शिवाय अगदी खालचा गंजरोधक थर सांगाडा टाकीत बुडवून, वीज सोडून चढवलेला असतो, म्हणून तो कानाकोपऱ्यात पोचतो. घासून तो एकदा काढला की तसा परत मिळत नाही. त्यात तुमचा रंग चंदेरी. त्यातले धातूचे कण कसे बसतात हे स्प्रे गनच्या प्रेशरवर आणि थिनरच्या प्रमाणावर ठरतं. रंगाचा कोड तोच असला तरी रंगवलेलं दार संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेजारच्या दारापेक्षा वेगळं दिसू शकतं. चंदेरी जुळवणं चांगल्या पेंटरलाही अवघड जातं.

आधी दार शाम्पूने स्वच्छ धुवा. पिवळे-काळे पट्टे म्हणजे बहुतेक खांबाचाच रंग, तुमच्या रंगावर येऊन बसलेला. मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळलं तर यातलं बरंच निघून जातं. थिनर आणि पेट्रोल मात्र नको. ते दार आधी कधी गॅरेजमध्ये रंगवलेलं असेल तर थिनरने रंगच मऊ पडतो. टूथपेस्टने ओरखडे घालवण्याचे व्हिडिओही सोडून द्या.

पट्टे गेल्यावर जे उरेल ते खरे ओरखडे. त्यांच्यावर पाणी टाका. ओलं असताना ओरखडा दिसेनासा झाला आणि नख आडवं फिरवल्यावर अडकलं नाही, तर तो वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्येच आहे. तो पॉलिशने जातो किंवा निदान नजरेत भरत नाही. नख अडकत असेल तर तो खोल आहे, तिथे भरावं लागेल.

पॉलिश करताना एक हिशोब डोक्यात पक्का ठेवा. क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणणं. दर वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोच. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटलेले दिसतात ते हाच थर संपल्यावर किंवा उन्हाने मेल्यावर. म्हणून सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य पॉलिशने करा, भागलं नाही तरच कंपाउंड, आणि अगदीच अडलं तर २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिशपेपर. तोही साबणाच्या पाण्यात भिजवून, ओरखड्यापुरताच. घासताना येणारं पाणी दुधाळ असेपर्यंत ठीक. त्यात राखाडी चंदेरी झाक दिसली की त्या क्षणी हात थांबवा, तुम्ही क्लिअर कोट पार केलात. दाराची कड आणि मधली उभारलेली रेघ यांवर पेपर लावूच नका, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. कडांवर मास्किंग टेप मारून मगच काम सुरू केलेलं बरं.

आता ती दोन ठिकाणं. राखाडी किंवा पांढुरका प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसत असेल तर घाई नाही. पण चकचकीत पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याच्या आत झाकायलाच हवा. कोकण, मुंबई, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागात राहत असाल तर आणखीच लवकर. टचअपची बाटली शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर किंवा ऑनलाइन मिळते. रंगाचा कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या चौकटीवर असतो. सापडला नाही तर काउंटरवर चेसिस नंबर द्या, ते काढून देतात. नुसतं 'सिल्व्हर' सांगून बाटली आणू नका.

बाटलीच्या झाकणाचा ब्रश या कामाला फार जाड असतो, दोऱ्याएवढ्या ओरखड्यावर तो बोटभर पट्टा ओढून ठेवतो. टूथपिक घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गंजाचा ठिपका असेल तर वॉटर पेपरचा तुकडा टोकदार दुमडून त्याने खरवडून काढा, उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा थेंब द्या. मग बाटली दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, कण तळाशी बसलेले असतात. टूथपिकच्या टोकावर लहानसा थेंब घेऊन ओरखड्याच्या खोबणीत टेकवा. ओढू नका, रंग आपोआप आत पसरतो. वाळल्यावर तो खाली बसतो, म्हणून तासाभराने दुसरा थेंब, मग तिसरा. त्यावर क्लिअरचे थेंब, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईपर्यंत. मग आठवडाभर हात लावू नका. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आठवड्याने ३००० नंबरच्या पेपरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन तो उंचवटा सपाट करा आणि पॉलिश करा. दोन हातांवरून जागा दिसणार नाही. जवळ जाऊन शोधलं तर दिसेल, आणि ते मान्य करूनच हे काम करायचं.

हे सगळं सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असताना करा. पावसाळी दमट हवेत टचअपवर पांढुरकी झाक येते, म्हणून जुलैत काम काढू नका.

स्प्रेच्या डब्यांबद्दल विचाराल तर, हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना खरंच घातक आहेत आणि कापडी मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही. बंदिस्त पार्किंगमध्ये, जिथे पोरं खेळतात, तिथे तर अजिबात नको.

आणखी एक. तुमच्या दारावर उन्हात कोळिष्टकासारख्या गोल बारीक रेघा दिसत असतील तर त्या खांबाच्या नाहीत. रोज सकाळी एकाच बादलीतल्या एकाच फडक्याने कोरडी धूळ पुसली जाते, त्या धुळीतल्या वाळूच्या आहेत. गाडी पुसणाऱ्या दादांना दोन-चार चांगली मायक्रोफायबर फडकी घेऊन द्या आणि धूळ असेल त्या दिवशी आधी पाणी मारा म्हणून सांगा. त्यांना गाड्या उरकायच्या असतात, फडकी कोणी देत नाही. याने जेवढा रंग वाचतो तेवढा कुठल्याही महागड्या कोटिंगने वाचत नाही.

इन्शुरन्समधून करायचा विचार असेल तर आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. एक वर्ष क्लेम नसेल तर तो २० टक्के असतो आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो, एका दारासाठी तो घालवणं बहुधा परवडत नाही. पत्रा आत चेपला असेल, किंवा दाराच्या खालच्या कडेला रंग फुगून बोटाखाली करकरत असेल, तर मात्र गॅरेजच गाठा. तिथे गंज आतून आलेला असतो, टूथपिकने तो थांबत नाही.