कवी-नाटककार डिलन टॉमसनंतरचा, आजचा एखादा वेल्श नाटककार वाचायचा तर कोणाला वाचावं?

गॅरी ओवेन. चांगलं लिहिणारे आणखीही आहेत, पण एकच नाव द्यायचं तर मी हेच देईन.

जन्म १९७२चा. २००१ साली ‘क्रेझी गॅरीज मोबाइल डिस्को’ आलं आणि पुढच्याच वर्षी ‘द शॅडो ऑफ अ बॉय’ थेट लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये. त्या नाटकाला मेयर-व्हिटवर्थ आणि जॉर्ज डिव्हाइन हे दोन्ही पुरस्कार मिळाले. इतक्या लवकर लंडनचं दार उघडलं, तरी त्यांच्या नाटकांतली अनेक माणसं वेल्समधलीच राहिली. २०१० मध्ये नॅशनल थिएटर वेल्ससाठी त्यांनी वेल्समधल्याच ब्रिजेंड गावच्या तरुण मुलामुलींवर नाटक लिहिलं आणि त्याचे प्रयोग त्याच गावातल्या एका नाइटक्लबमध्ये झाले. त्याआधी काही वर्षं तिथल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी हे गाव वर्तमानपत्रांत गाजलं होतं. त्या मुलांचं प्रेम आणि दुःख त्यांच्याच गावात, त्यांच्याच भाषेत मांडणं मला फार मोलाचं वाटतं.

पण तुम्ही सुरुवात ‘इफिजिनिया इन स्प्लॉट’पासून करा. (पुढे कथानक उघड होतं, नको असेल तर इथेच थांबा.) स्प्लॉट ही वेल्सची राजधानी कार्डिफमधली कामगार वस्ती. ग्रीक कथेत सैन्याच्या जहाजांना वारा मिळावा म्हणून राजा आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा बळी देतो. इथे एफी आहे: दारू पिणारी, भांडखोर, रस्त्यात दिसली तर लोक नजर चुकवतील अशी. तिला दिवस जातात, प्रसूतीची वेळ फार लवकर येते, इस्पितळात नवजात बाळासाठी जागा नसते. बर्फातून तिला दुसरीकडे हलवताना बाळ जातं. दावा लावला तर तिला भरपाई मिळू शकते, पण ते पैसे त्याच आरोग्यसेवेतून कापले जाणार आणि आणखी कोणाचं तरी बाळ दगावणार, हे कळल्यावर ती माघार घेते. सरकारी काटकसरीची किंमत कोण मोजतं, याचं इतकं थेट उत्तर मी दुसऱ्या नाटकात वाचलेलं नाही. आणि हे सगळं एकटी एफी सांगते. नाटक एकपात्री आहे.

२०१५ साली कार्डिफच्या शर्मन थिएटरने ते केलं. दिग्दर्शन रेचल ओ’रिऑर्डन यांचं, एफीच्या भूमिकेत सोफी मेल्विल. पुढे ते नॅशनल थिएटरला गेलं आणि त्याला जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार मिळाला. याच दिग्दर्शिकेबरोबरच्या ‘किलॉलॉजी’ या नाटकाला (२०१७) ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यातली हिंसा अंगावर येते, म्हणून ते दुसरं वाचू नका, तिसरं वाचा.

दुसरं ‘रोमिओ अँड ज्युली’ (२०२३). पुन्हा स्प्लॉट. रोमिओ तान्ह्या मुलीला एकटा वाढवणारा पोरगा, ज्युलीला केंब्रिजला जाऊन भौतिकशास्त्र शिकायचंय. इथे दोन घराण्यांचं वैर नाही. आड येते ती परिस्थिती, आणि ज्युलीच्या आईवडिलांची भीतीही खरी वाटते.